गाणं कोणाकडून मिळालं?

पैठणी पैठणची, चप्पल कोल्हापूरची, लाकडी खेळणी सावंतवाडीची. वस्तूला गावाचं नाव लागलं की ती त्या गावात घडली, हे आपण धरूनच चालतो. गोवा ट्रान्स मात्र या हिशेबात बसत नाही. इस्रायलपासून जपानपर्यंत आणि पोर्तुगालपासून ब्राझीलपर्यंत वाजणाऱ्या या यंत्रसंगीताच्या नावात गोवा आहे. पण ते नाव रुजत होतं तेव्हा हणजूण, वागातोर, हरमल या गावांत ते संगीत घडवणारे स्टुडिओ नव्हते. त्याचे मूळ सूर ड्युसेलडॉर्फचे, शेफील्डचे, ब्रसेल्सचे, फ्रँकफुर्टचे; नंतरचे लंडन आणि तेल अवीवचे. बार्देश-पेडण्याच्या किनाऱ्याने त्यात घातली ती निवड. कुठलं गाणं ठेवायचं, कुठलं टाकायचं, कोणाच्या हातात द्यायचं आणि कोणापासून लपवायचं, हे तिथे ठरत गेलं. ठरवण्याचं साधन होतं कॅसेट.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतली तरुण मंडळी तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान अशी खुष्कीची वाट तुडवत भारतात येऊ लागली. थंडी पडली की त्यांचे पाय किनाऱ्याकडे वळत. कोणी रस्त्याने येई, कोणी मुंबईला भाऊच्या धक्क्यावर पणजीची बोट पकडे. आधी कळंगुट, मग तिथे गजबज वाढल्यावर उत्तरेला हणजूण. यर्टवर्ड मझमानियन हा अर्मेनियन वंशाचा अमेरिकन त्यांच्यात वयाने वडील. एका हाताची बोटं कमी असल्याने तो ‘एट फिंगर एडी’ म्हणून ओळखला जाई. हणजूणचा बुधवारचा बाजार सुरू करण्याचं श्रेय बरेच जण त्याला देतात. हा बाजार पुढे पर्यटकांसाठी झाला. सुरुवातीला तो परतीच्या तिकिटाला पैसे कमी पडलेल्यांचा होता. जीन्स, कॅमेरा, गिटार, कॅसेटी, जे अंगावर आणि पिशवीत असेल ते विकायचं.

सत्तरच्या दशकात किनाऱ्यावरच्या रात्री रॉक संगीताच्या होत्या. गिटार, ड्रम, माणसांनी प्रत्यक्ष वाजवलेलं संगीत. वादक दमले, पाणी प्यायला उठले, की मध्ये टेप लावायची. टेप हा मुख्य कार्यक्रम नव्हता, मध्यंतर होतं. या मंडळींत गिल्बर्ट लेव्ही नावाचा कॅलिफोर्नियाचा तरुण होता. तो १९७०च्या आसपास भारतात आला, पुढे जुना आखाड्यात दीक्षा घेऊन साधू झाला आणि जगाला माहीत झाला तो ‘गोवा गिल’ म्हणून.

मग मध्यंतराने नाटकच गिळलं. १९८३ मध्ये ‘मिडी’ ही पद्धत आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ययंत्रं एकमेकांशी बोलू लागली. एका जपानी ड्रम मशीनच्या ठेक्यावर दुसऱ्या कंपनीचा सिंथेसायझर आपोआप चालू लागला. युरोपात त्यातून थंड, कोरडं, ठोकेबाज संगीत निघालं. बेल्जियमचा ‘फ्रंट २४२’, शेफील्डचा ‘कॅबरे व्होल्टेअर’, त्यांच्या आधीपासूनचा ड्युसेलडॉर्फचा ‘क्राफ्टवेर्क’. हे सगळं फ्रेड डिस्को आणि लॉराँ या फ्रेंच डीजेंच्या पिशव्यांतून हणजूणला पोहोचलं. जुने रॉकवाले चिडले. समुद्राकाठी, चांदण्यात, माणसांनी वाजवलेली गिटार सोडून हे कारखान्याचे आवाज कशाला, असा त्यांचा सवाल होता, आणि तो अगदीच अडाणी नव्हता. पण यंत्र पाणी प्यायला उठत नाही. दोन डेक ठेवले की संगीत रात्रभर न थांबता चालतं, आणि नाचणाऱ्यांना तेच हवं होतं. दशक अर्धं सरेपर्यंत वाद संपला होता.

लॉराँची एक सवय पुढे गोव्याची चाल बनली. पाश्चात्त्य डान्स संगीतात त्या काळी गाणारा आवाज असायचाच. प्रेम, विरह, चल नाचू या. लॉराँ आणि त्याचे सोबती हे शब्द कापून टाकत. एकाच गाण्याच्या तीन-चार आवृत्त्या मिळवायच्या, त्यातले फक्त वाद्यांचे तुकडे डेकवर एकापुढे एक भरायचे, नको तिथे थांबवायचं, हवं ते पुन्हा घ्यायचं. चार मिनिटांचं गाणं असं नऊ-दहा मिनिटांचं होई आणि त्यातला गायक गायब असे. मूळ गाणं बाजारात कोणालाही विकत मिळे. हे कापलेलं, जोडलेलं रूप मात्र ज्याने कापलं त्याच्याकडेच. ते हवं असेल तर त्याच्याकडूनच घ्यावं लागे. आपलं गाणं अरबी समुद्राच्या काठी पहाटे वाजतंय, आणि तेही आवाज काढून, याचा पत्ता मूळ कलावंतांना बहुधा नसे.

तबकड्या का नव्हत्या, हा प्रश्न लंडन-न्यूयॉर्कचा डीजे हमखास विचारतो. त्यांच्याकडे डीजे म्हणजे तबकड्यांच्या पेट्या वाहणारा माणूस. उत्तर हवामानात आहे. बारा इंची तबकडी उन्हात वाकते, तिच्या खाचांत वाळू जाते आणि दोन महिन्यांच्या प्रवासात पन्नास तबकड्यांचं ओझं पाठीवर घ्यायला कोणी तयार नसतं. कॅसेट खिशात मावते. पडली तरी वाजते. शिवाय ती एकाच बैठकीत दुसऱ्याला भरून देता येते. डीजेंची आयुधं म्हणून हणजूणच्या टेबलावर टर्नटेबलऐवजी सोनीचे दोन वॉकमन दिसत. रेकॉर्डिंगची सोय असलेले, ‘प्रोफेशनल’ म्हणून विकले जाणारे.

कॅसेट ‘भरून घेणं’ महाराष्ट्राला नवं नव्हतं. त्याच वर्षांत मुंबई-पुण्यात आणि तालुक्याच्या गावांतही कॅसेटवाल्याकडे वहीच्या पानावर गाण्यांची यादी द्यायची, कोरी टीडीके किंवा सोनीची नव्वद मिनिटांची कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली घेऊन जायची, अशी रीत होती. यादीच्या शेवटी ‘जागा उरल्यास तुमच्या पसंतीचं’ असं लिहिणारे रसिकही असत, आणि दुकानदाराचं खरं कसब त्या उरलेल्या जागेत कळे. हणजूणला ही यादी देणं शक्यच नव्हतं. नावच माहीत नसलेल्या गाण्याची मागणी कशी करणार? पूर्ण कॅसेटच तिथे ‘जागा उरल्यास’ होती. समोरच्याच्या कानावर भरवसा ठेवायचा.

हा भरवसा फुकट मिळत नसे. देवघेवीचे नियम कोणी लिहून ठेवले नव्हते, पण सगळ्यांना कळत. हात हलवत आलेल्याला गाणी मिळत नसत. काहीतरी आणावं लागे. ॲमस्टरडॅमहून आलेल्याकडे एक गोष्ट, तोक्योत कामाचा हंगाम काढून आलेल्याकडे दुसरी. नोव्हेंबरात ही मंडळी उतरली की पहिले काही दिवस झोपड्यांमध्ये कॅसेटीवरून कॅसेट भरण्याचं काम चाले. मार्चनंतर पांगापांग: कोणी मनालीला, कोणी काठमांडूला, कोणी इबिझाला, कोणी घरी. प्रत्येकाच्या पिशवीत त्या हंगामाची गाणी. संगीत कंपनी, जाहिरात, विक्रीची यादी यांपैकी काहीही मध्ये नसताना एखादा सूर एका हिवाळ्यात चार खंडांत पोहोचे.

आणि तरीही याच लोकांमध्ये लपवाछपवी जबरदस्त होती. कॅसेटीच्या पट्टीवर गाण्याचं नाव न लिहिणं, लिहिलं तर भलतंच लिहिणं, विचारणाऱ्याला हसून टाळणं. वरवर हे उदार देवघेवीच्या उलट वाटतं. तसं ते नाही. ज्याच्याकडे जे आहे ते सगळ्यांकडे असेल तर देण्यात काय उरलं?

गाण्याबजावण्याच्या मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. घराण्यांच्या उस्तादांनी आपल्या खास चिजा कशा जपल्या याच्या गोष्टी प्रत्येक गुरुकुलात आहेत. मैफलीत चीज गायची, पण अस्ताईचे शब्द असे उच्चारायचे की समोर बसलेल्या दुसऱ्या गवयाला ते नीट लागू नयेत. एखाद्या शिष्याला मात्र तीच चीज वर्षानुवर्षांच्या सेवेनंतर एका सकाळी अचानक मिळायची. वाळकेश्वरला जन्मलेल्या, पेशाने वकील असलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर हिंडून शेकडो चिजा मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेत स्वरलिपीसह छापल्या, तेव्हा अनेकांना तो उपकार वाटला आणि काहींना घरफोडी. दोघांचंही बरोबर होतं.

किंग्स्टनलाही हेच झालं होतं. जमैकात १९५०च्या दशकात रस्त्यावर मोठे ध्वनिक्षेपक लावून अमेरिकन तबकड्या वाजवणाऱ्यांची चुरस होती. त्यांतला एक, क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड, विलिस जॅक्सन या सॅक्सोफोनवादकाची एक धून वाजवी. त्याने तबकडीवरचा कागद खरवडून काढला आणि तिला ‘कॉक्सन हॉप’ असं आपलंच नाव देऊन टाकलं. प्रतिस्पर्धी ड्यूक रीडला मूळ तबकडी शोधायला बराच काळ लागला. ती त्याने भर कार्यक्रमात वाजवली तेव्हा डॉडला भोवळ आली, असं तिथले जुने लोक सांगतात. भोवळ आली असो वा नसो, त्या संध्याकाळी डॉडकडचं गाणं वाजण्याआधीच जुनं झालं.

निवडीला जागेचं नाव मिळालं असं गोवा हे एकटं उदाहरण नव्हे. शिकागोत साउथ जेफरसन रस्त्यावर २०६ क्रमांकाच्या इमारतीत १९७७ साली ‘वेअरहाऊस’ नावाचा क्लब सुरू झाला. फ्रँकी नकल्स हा न्यूयॉर्कहून आलेला डीजे तिथे फिलाडेल्फियाचा सोल, इटलीचा डिस्को, युरोपचे सिंथेसायझर असं काहीही एकत्र करून वाजवी. दुसऱ्या दिवशी मुलं ‘इम्पोर्ट्स एटसेट्रा’ या तबकड्यांच्या दुकानात जाऊन काल वेअरहाऊसमध्ये वाजलेलं ते अमुक द्या म्हणत. कंटाळून दुकानाने एका कप्प्यावर पाटी लावली: वेअरहाऊसमध्ये वाजलेलं. पाटी लहान होत होत ‘हाऊस’ एवढीच उरली. आज जगातल्या निम्म्या नाचघरांत ज्या नावाने संगीत वाजतं ते नाव एका दुकानदाराने गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी केलेल्या शिफारशीचं शेपूट आहे.

त्याच शहरातली दुसरी गोष्ट आणखी बोलकी आहे. ‘फ्यूचर’ नावाच्या तीन तरुणांच्या चमूने रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या यंत्रावर एक धून केली. हे यंत्र मुळात गिटारवाल्याला सरावासाठी बास वाजवून देण्याकरता काढलं होतं. बाजारात ते सपशेल पडलं आणि जुन्या सामानाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागलं. त्याची बटणं भलतीकडे फिरवली की ते किंचाळे. पोरांनी ती कॅसेट ‘म्युझिक बॉक्स’ क्लबच्या रॉन हार्डीला दिली. हार्डीने ती एका रात्रीत चार वेळा वाजवली. पहिल्यांदा लोक मैदान सोडून गेले. चौथ्यांदा हातांवर चालत होते, असं त्या चमूतला डीजे पिअर सांगत आला आहे. धुनीला नाव नव्हतं. शहरभर तिच्या चोरट्या कॅसेटी फिरल्या आणि लोकच तिला ‘रॉन हार्डीचं ॲसिड’ म्हणू लागले. १९८७ मध्ये तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर ‘ॲसिड ट्रॅक्स’ असं छापणं भागच होतं. गाणं करणाऱ्याचं नाव मागे राहिलं आणि ज्याच्याकडून मिळालं त्याचं आधी लागलं.

हणजूणच्या टेबलावरही ॲसिड आलं, पण तोवर तिथल्या कॅसेटीचा जमाना सरत होता. सोनीने १९८७ मध्ये ‘डॅट’ बाजारात आणली: नेहमीच्या कॅसेटीहून लहान, आत अंकीय स्वरूपात साठवलेला आवाज, दोन तासांची जागा. साध्या कॅसेटीची प्रत काढली की थोडी खरखर वाढते. प्रतीची प्रत, तिची प्रत असं करत पाचव्या हाताला समुद्र आणि संगीत यांतला फरक कमी होत जातो. डॅटची शंभरावी प्रतही पहिलीसारखीच. रेकॉर्ड कंपन्या या कल्पनेने हादरल्या. प्रतीची पुढे प्रत होऊ नये म्हणून यंत्रात कुलूप घालायला लावलं गेलं आणि अमेरिकेत १९९२ मध्ये त्यासाठी कायदाही झाला. महाग किंमत आणि या सगळ्या भांडणात घरोघरी डॅट कधी पोहोचलीच नाही. पण स्टुडिओंनी ती उचलली. संगीत पूर्ण झालं की त्याची मूळ प्रत डॅटवर काढायची, हा तिथला रिवाज झाला.

इथे एक गंमत घडली. संगीतकाराच्या टेबलावरची शेवटची वस्तू आणि डीजेच्या टेबलावरची पहिली वस्तू आता एकच होती. मध्ये तबकडी दाबण्याचा कारखाना नाही, दुकान नाही. लंडनमध्ये मंगळवारी रात्री संपलेलं गाणं शनिवारी वागातोरला वाजू शकत होतं, फक्त ते कोणाच्या तरी खिशातून दाबोळीच्या विमानतळावर उतरायला हवं. बाजारात ते सहा महिन्यांनी येई, किंवा येतच नसे. त्यामुळे कोणाकडून मिळालं, हा प्रश्न आणखी धारदार झाला. आपलं अप्रकाशित गाणं संगीतकार कोणाला देतो, यावर डीजेची पत ठरू लागली.

डॅटने संगीताची चणही बदलली. टर्नटेबलवर तबकडीचा वेग कमी-जास्त करून दोन गाण्यांचे ठेके एकमेकांवर बसवता येतात. खिशात मावणाऱ्या डॅट यंत्राला ती सोय नव्हती. मग गाण्यांच्या सुरुवातीला आणि शेवटी ठेका नसलेले लांबच लांब पट्टे ठेवायला संगीतकार शिकले: वाऱ्यासारखा घोंघावणारा सूर, दूरवर कुणाचं तरी बोलणं, मग हळूच ठेका. एकाचं शेपूट दुसऱ्याच्या या धुक्यात बुडवलं की जोड कळत नाही. ऐकणाऱ्यांनी त्याला आलापी म्हटलं, ध्यान म्हटलं, हिंदुस्थानी संगीताचा प्रभाव म्हटलं. थोडा असेलही. पण अर्धं कारण तरी यंत्राला नसलेली वेगाची दांडी, हे मान्य करायला हवं.

१९९३च्या सुमारास उलटा प्रवास सुरू झाला. आतापर्यंत कुठे कुठे घडलेलं संगीत हणजूण निवडत होतं. आता हणजूण निवडेल असंच संगीत बाहेर घडू लागलं. ‘किलिंग जोक’ या बँडचा मार्टिन ग्लोव्हर, ज्याला सगळे यूथ म्हणतात, त्याने लंडनमध्ये ‘ड्रॅगनफ्लाय’ हे लेबल काढलं. सत्तरच्या दशकात ‘क्विंटेसन्स’ बँडमध्ये बासरी वाजवणारा राजा राम (ऑस्ट्रेलियाचा, नाव पाहून फसू नये) याने ‘टिप’ लेबल सुरू केलं. सायमन पॉसफर्डने ‘हॅल्युसिनोजेन’ या नावाने १९९५ मध्ये ‘ट्विस्टेड’ हा अल्बम काढला; या प्रकारातला तो आजही मापदंड मानला जातो. इस्रायलमध्ये सक्तीची लष्करी सेवा संपवून गोव्यात आलेली मुलं गाणी घेऊन परतली आणि ‘ॲस्ट्रल प्रोजेक्शन’सारखे चमू उभे राहिले. कॅसेटीच्या पट्टीवर जे नाव कोणी लिहीत नव्हतं ते आता सीडीच्या मुखपृष्ठांवर मोठ्या अक्षरांत छापलं जाऊ लागलं. आणि त्यासोबत ओम, गणपती, शंकर.

१८ डिसेंबर १९९४ रोजी बीबीसी रेडिओ वनच्या ‘इसेन्शल मिक्स’ कार्यक्रमात पॉल ओकनफोल्डने दोन तासांचा मिक्स वाजवला. तो ‘गोवा मिक्स’ म्हणूनच ओळखला जातो. हाच ओकनफोल्ड १९८७च्या उन्हाळ्यात इबिझाच्या ‘ॲम्नेशिया’ क्लबमध्ये आल्फ्रेडो फिओरितोची निवड ऐकून भारावला होता आणि तिची लागण त्याने लंडनला केली होती. पाहुण्याने नेलेली शिदोरी कशी वाटायची हे त्याला ठाऊक होतं. हणजूणला कधीही न आलेल्या हजारो इंग्रज पोरांनी तो कार्यक्रम रेडिओवरून कॅसेटीत उतरवून घेतला आणि पुढे वाटला. दहा वर्षं जे हातोहात चाललं होतं ते एका रात्री हवेतून सुटलं. ज्यांनी ते दहा वर्षं जपलं त्यांच्यातल्या काहींना ओकनफोल्ड भातखंड्यांसारखा वाटला आणि काहींना ड्यूक रीडसारखा.

या सगळ्या इतिहासात एक जागा रिकामी दिसते. कॅसेट भरून देणारे आणि घेणारे जवळपास सगळे परदेशी होते. हणजूणचं गाव तिथेच होतं. त्याच्या बायका रात्रभर चटया अंथरून, कंदील लावून, स्टोव्हवर चहा आणि ऑम्लेट करून विकत. त्यांना ‘चाय मामा’ म्हणत आणि अनेक जुन्या नाचणाऱ्यांच्या आठवणीत त्यांची चटई हीच घराची जागा आहे. पण चटई नाचाच्या कडेला असे. अरुण सालढाणा या अभ्यासकाने २००७च्या ‘सायकेडेलिक व्हाइट’ या पुस्तकात दाखवून दिलं की सर्वांना सामावून घेतो म्हणणाऱ्या या किनाऱ्यावर पहाटेच्या मोक्याच्या वेळी गोऱ्या जुन्या मंडळींचं वर्तुळ कसं बंद होई आणि भारतीय मुलगा त्यात कसा उपरा ठरे. गाणं कोणाकडून मिळतं याचं उत्तर कोणाला मिळत नाही यातही असतं. सन २००० मध्ये केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले आणि चटयांचा धंदाही आटला. २००७ पासून कांदोळीला ‘सनबर्न’ हा तिकिटाचा महोत्सव भरू लागला. त्यात भारतीय तरुण बहुसंख्य होते, आणि वाजणारी गाणी सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच होती.

महाराष्ट्रात हीच परंपरा वेगळ्या वेशात अवतरली, आणि तिच्याकडे संगीताचे इतिहासकार ढुंकून बघत नाहीत. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एसटी स्टँडजवळच्या प्रत्येक मोबाइल दुकानावर ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असे. दोन जीबीचं मेमरी कार्ड द्यायचं. दुकानदार संगणकावरचे फोल्डर उघडून विचारायचा, जुनी की नवी, भक्तिगीतं की डीजे? या ‘डीजे’ फोल्डरमध्ये कोळीगीतांना, जयंतीच्या गाण्यांना, लावण्यांना इलेक्ट्रॉनिक ठेका लावून गावोगावच्या पोरांनी केलेले रिमिक्स असत. ते कुठल्याही कंपनीने काढलेले नव्हते, कुठल्याही दुकानात तबकडीवर नव्हते. मिरवणुकीत वाजले, आवडले, ब्लूटूथवरून मागितले, एवढाच त्यांचा मार्ग. आणि दर दीड मिनिटाला गाण्याच्या मध्येच एक भारदस्त आवाज करणाऱ्याचं नाव आणि गाव ओरडतो. शहरी कानाला ते खटकतं. पण खरवडलेल्या कागदाच्या अगदी उलट अशी ही युक्ती आहे: डॉडने नाव पुसून गाणं राखलं, इचलकरंजीचा किंवा उल्हासनगरचा पोरगा नाव गाण्यातच कोरून ठेवतो, म्हणजे ते शंभर कार्डांत गेलं तरी कोणाकडून आलं हे पुसता येऊ नये.

इंग्लंडमध्ये २००२ साली शॅझम सुरू झालं तेव्हा ती फोनसेवा होती. २५८० हा क्रमांक फिरवायचा, फोन स्पीकरकडे धरायचा आणि थोड्या वेळाने गाण्याचं नाव संदेशाने यायचं. टेबलाजवळ जाऊन, ओशाळून, हे काय वाजतंय हो, असं विचारण्याची गरज संपली. सोनीने २००५च्या अखेरीस डॅट यंत्रं बनवणं थांबवलं. हणजूणच्या त्या टेपा आज ज्यांच्याकडे आहेत त्यांना आधी त्या वाजवणारं चालू यंत्र शोधावं लागतं. गोवा गिल मात्र शेवटपर्यंत डॅटच वापरणारा म्हणून ओळखला गेला. तो ऑक्टोबर २०२३ मध्ये वारला.

आता एक उलटी गोष्ट, मुंबईची. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांतले मुरलेले वादक. त्यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रं समोर घेतली: टीआर-८०८ हे ड्रम मशीन, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर आणि तेच ते पडलेलं टीबी-३०३. त्यांवर यमन, मालकंस, तोडी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. एचएमव्हीने ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाने तबकडी काढली. शिकागोच्या ॲसिडच्या पाच वर्षं आधी तेच यंत्र, तसाच किंचाळणारा, घसरणारा बास. फक्त इथे तो रागाच्या चलनाने घसरत होता. तबकडी खपली नाही. डिस्कोवाल्यांना ती शास्त्रीय वाटली, शास्त्रीयवाल्यांना चेष्टा. हणजूणला ज्या आवाजासाठी लोक खंड ओलांडून कॅसेटी आणत होते, तो मुंबईच्या दुकानात मराठी भावगीतं आणि गझलांच्या शेजारी धूळ खात होता.

२००२ मध्ये एडो बूमन या डच संग्राहकाला ती दिल्लीच्या एका दुकानात सापडली. तो पुढे मुंबईला येऊन सिंगांना भेटला आणि २०१० मध्ये त्याने ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या लेबलवर ती पुन्हा काढली. युरोपातल्या अनेक जाणकारांचा विश्वास बसेना. कोणा खोडकर आधुनिक संगीतकाराने जुनं मुखपृष्ठ रंगवून केलेली ही थट्टा असावी, अशी शंका उघडपणे घेतली गेली. सत्तरी ओलांडलेल्या सिंगांना परदेशातून बोलावणी आली आणि तरुण गर्दीसमोर त्यांनी सिंथेसायझरवर तेच राग पुन्हा वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. तबकडी आज सहज मिळते, आणि ऐकायची असेल तर यमनपासून सुरुवात करावी.